‘सिस्टर, माझं काय चुकलं?’ : रात्री अडीच वाजता याचं उत्तर काय द्यायचं?

रातपाळी (धागाकर्ती)

गंभीर आजाराच्या वॉर्डात मला एकोणीस वर्षं झाली. न सापडणारी शीर मला सापडते. नातेवाइकांपैकी कोण भांडणार हे ते दारातून आत येतानाच ओळखते. तरी मागच्या पंधरवड्यात एका साध्या प्रश्नाला गडबडले आणि ते डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा.

बेड सातचे काका. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) फुप्फुसाचा कॅन्सर, हाडांत पसरलेला. रात्री अडीचला त्यांची कूस बदलत होते. अंगाखाली हात घालून ‘एक, दोन, तीन’ म्हणायच्या बेतात होते तेवढ्यात ते म्हणाले, “सिस्टर, माझं काय चुकलं?” मला आधी वाटलं, कुशीबद्दल विचारतायत. मग चेहऱ्याकडे लक्ष गेलं.

मी म्हटलं, “काका, असं काही मनात आणायचं नाही. छान बरे होणार आहात तुम्ही.”

ते हसले. नको असलेली भेटवस्तू माणूस तोंडदेखली घेतो ना, तसं. मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. माझी तीन बेडची इंजेक्शनं राहिली होती, मी निघून गेले.

ते बरे होणार नाहीत हे त्यांना माहीत आहे. मला माहीत आहे हेही त्यांना माहीत आहे. मग मी बोलले ते कुणासाठी?

आमच्या भरतीच्या फॉर्मवर ‘आध्यात्मिक गरजा’ असा एक रकाना आहे. त्यात आम्ही धर्म लिहितो आणि पान उलटतो. यापलीकडे काही करता येतं का? वेळ नसताना? उपदेश नको, कामाचं सांगा.

---

तर्कटी

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. मी डॉक्टर आहे. माझ्या मते हे नर्सचं काम नाही. वेदना कमी करा, मळमळ थांबवा, पाठीला जखम होऊ देऊ नका. एवढं नीट झालं तरी पेशंटवर मोठे उपकार. आयुष्याचा अर्थ शोधून द्यायचं काम कुणाच्याच ड्युटीत बसत नाही.

शिवाय धोका आहे. ब्रिटनमध्ये २००८ साली एक नर्स ड्रेसिंगसाठी एका आजींच्या घरी गेली आणि ‘तुमच्यासाठी प्रार्थना करू का’ असं विचारून आली. आजींनी नको म्हटलं, बाईंना निलंबित व्हावं लागलं. २००९ मध्ये त्यांना परत कामावर घेतलं, पण तोवर पेपरात सगळा गाजावाजा झालाच. आजारी माणूस अंथरुणाला खिळलेला असतो, उठून जाऊ शकत नाही. त्याच्यापुढे आपली श्रद्धा मांडणं म्हणजे दार लावून कीर्तन ऐकवणं.

---

फळा_खडू

मी नर्सिंग शिकवते. डॉक्टर, शेवटचं वाक्य वर्गात वापरणार आहे, हरकत नसावी. पण तुमच्या उदाहरणात विषय नर्सने काढला होता. इथे प्रश्न पेशंटने विचारलाय. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

घोळ ‘आध्यात्मिक’ या शब्दाने होतो. आपल्याकडे तो उच्चारला की देव, परलोक, प्रवचन हेच डोळ्यांपुढे येतं. २००९ मध्ये अमेरिकेत पॅलिएटिव्ह केअरमधल्या (गंभीर आजारात त्रास कमी करण्यावर भर देणाऱ्या उपचारातल्या) मंडळींनी परिषद घेऊन एक व्याख्या ठरवली. तिचा गाभा असा: माणूस आपल्या जगण्यात अर्थ कसा शोधतो, आणि स्वतःशी, इतरांशी, निसर्गाशी, त्याला जे पवित्र वाटतं त्याच्याशी त्याचं नातं कसं असतं. यात देव असू शकतो, नसूही शकतो. नास्तिकालाही ‘मी कशासाठी जगलो’ हा प्रश्न पडतोच.

हे फार जुनंही नाही आणि फार नवंही नाही. सिसिली सॉन्डर्स आधी नर्स होत्या. पाठीच्या दुखण्याने नर्सिंग सोडावं लागलं, मग रुग्णालयात समाजसेविका झाल्या, मग डॉक्टर झाल्या आणि १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्टोफर्स हॉस्पिस (शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटांची काळजी घेणारं केंद्र) सुरू केलं. एका बाईंना त्यांनी वेदनेबद्दल विचारलं. बाईंनी सुरुवात पाठीपासून केली आणि बोलता बोलता म्हणाल्या की आता सगळी मीच बिघडल्यासारखी वाटते. नवऱ्याची, मुलाची ओढाताण, गोळ्या, आपल्याला सुरक्षित वाटत नाही हे, सगळं एकाच उत्तरात आलं. सॉन्डर्सबाईंची ‘संपूर्ण वेदना’ ही कल्पना अशा बोलण्यांतून उभी राहिली: शरीर, मन, घरदार आणि हा चौथा, नाव ठेवायला कठीण असलेला भाग. जागतिक आरोग्य संघटनेच्या पॅलिएटिव्ह केअरच्या २००२ च्या व्याख्येतही शारीरिक आणि मनोसामाजिक त्रासाच्या बरोबरीने आध्यात्मिक त्रास लिहिलेला आहे.

नर्सिंग निदानांच्या यादीत ‘आध्यात्मिक क्लेश’ हे निदान १९७८ पासून आहे. विद्यार्थिनी ते पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात, कारण त्या शब्दाने कुणी कधी बोलतच नाही. मी त्यांना सांगते, तो शब्द सोडा आणि आपली आजी काय म्हणायची ते आठवा. तगमग. घालमेल. उलघाल. ‘जीव कशात तरी अडकलाय.’ बघा, निदान झालंच की. आणि पुढचा प्रश्नही त्यातच आहे: कशात?

रातपाळीताई, बेड सातच्या काकांना तुमच्याकडून उत्तर हवं होतं असं मला वाटत नाही. “काय चुकलं असं तुम्हाला वाटतंय?” एवढं म्हणून दहा सेकंद गप्प राहिला असतात तरी पुरे होतं. दहा सेकंद मोजून बघा, फार लांब असतात.

---

उरलेली_पानं

इथे नर्स नाही, मुलगी म्हणून लिहितेय. वडील छापखान्यात खिळे (छपाईची धातूची अक्षरं) जुळवायचे. शेवटच्या दोन महिन्यांत ते रुग्णालयात ‘पोटाची केस’ होते. सगळे प्रेमाने वागायचे, तक्रार नाही. पण ‘आजोबा, तोंड उघडा’, ‘आजोबा, शाब्बास’ असं. माझे वडील कुणाच्या शाब्बासकीला भुलणारे नव्हते.

एका सिस्टरने एकदा नुसतं विचारलं, “आजारी पडायच्या आधी तुम्ही काय करत होता?” बाबांनी सांगितलं. त्या म्हणाल्या, “म्हणजे तुम्हाला उलटी अक्षरं वाचता येतात?” खिळ्यांवर अक्षर उलटं असतं, जुळवणाऱ्याला ते सरळ वाचतात तितक्याच सहज वाचता यावं लागतं. बाबा उठून बसले. खरंच बसले. बाजूच्या काचेत सिस्टरच्या नावाच्या पट्टीचं उलटं प्रतिबिंब दिसत होतं, ते त्यांनी वाचून दाखवलं आणि वर अक्षरांमधल्या जागा चुकल्यात असं सांगितलं. त्या दिवसापासून त्या सिस्टर त्यांना ‘मास्तर’ म्हणायला लागल्या.

याला अध्यात्म म्हणतात का, मला माहीत नाही. बाबा गेले ते ‘पोटाची केस’ म्हणून गेले नाहीत, एवढं माहीत आहे.

---

फळा_खडू

@उरलेली_पानं, म्हणतात. कॅनडातले मनोविकारतज्ज्ञ हार्वी चोचिनोव्ह यांनी आयुष्यभर याच गोष्टीवर काम केलं. त्यांचा एकच प्रश्न आता बऱ्याच ठिकाणी विचारतात: तुमची उत्तम काळजी घ्यायची तर माणूस म्हणून तुमच्याबद्दल मला काय माहीत असायला हवं? त्यांची एक सविस्तर पद्धतही आहे. पेशंट आपल्या आयुष्याबद्दल बोलतो, ते ध्वनिमुद्रित करून लिहून काढतात, पेशंटला वाचून दाखवतात, त्याने दुरुस्त्या केल्या की ते कागद त्याच्या माणसांना देण्यासाठी त्याच्याच हातात ठेवतात. त्या सिस्टरना यातलं काही माहीत नसावं. उपजत होतं.

---

सश्रद्ध

सगळं छान चाललंय, पण धर्माला इतकं हळूच बाजूला सारू नका. ‘अर्थ’, ‘नातं’ हे ठीक. माझ्या आईला अर्थ शोधायचा नव्हता, तिला सापडलेला होता. तिला फक्त हातात जपमाळ हवी होती. सलाईनच्या नळीत अडकते म्हणून एका नर्सने ती काढून कपाटात ठेवली. विचारलं नाही, सांगितलंही नाही. आईला वाटलं हरवली. दोन दिवस ती बोटं एकमेकांवर घासत राहिली. डॉक्टर म्हणाले, मेंदूवर परिणाम झालाय.

माळ दुसऱ्या हातात देता आली असती. बस, एवढंच.

---

रातपाळी

@सश्रद्ध, हे वाचून पोटात गोळा आला, कारण असं मीही केलेलं असणार. गळ्यातलं, हातातलं, उशीखालचं, आम्ही पटापट काढून पिशवीत भरतो. स्कॅनच्या आधी, ऑपरेशनच्या आधी काढावंच लागतं. पण बाकी वेळी सवयीने काढतो. यापुढे ‘हे कुठे ठेवू?’ असं त्यांनाच विचारेन.

---

तर्कटी

जपमाळेचा मुद्दा मान्य. तिथे मीही ‘मेंदूवर परिणाम’ असंच लिहिलं असतं, हेही मान्य.

पण उलटी बाजूही असते. ‘चमत्कार होईल’ म्हणून शेवटच्या आठवड्यात व्हेंटिलेटरचा आग्रह धरणारी कुटुंबं मी पाहिलीत. श्रद्धा दर वेळी शांतीच देते असं नाही.

---

फळा_खडू

बरोबर, आणि त्यावर अमेरिकेत अभ्यास झालेत. बॅल्बोनी आणि सहकाऱ्यांना बळावलेल्या कॅन्सरच्या पेशंटांमध्ये असं दिसलं की ज्यांना आपल्या धर्मसमुदायाचा भरपूर आधार होता त्यांनी शेवटी हॉस्पिसपेक्षा आक्रमक उपचार जास्त घेतले. त्यांच्याच आधीच्या, २०१० च्या अभ्यासात, ज्यांच्या आध्यात्मिक गरजांची दखल उपचार करणाऱ्या टीमने घेतली होती ते हॉस्पिसकडे जास्त वळले होते. म्हणजे ‘चमत्कार होईल’ म्हणणाऱ्या घराशी टीममधलं कुणीतरी त्यांच्या भाषेत बोलायला हवं. “चमत्काराची वाट बघू. आणि तो नाही झाला तर त्यांच्यासाठी काय करू या?” हे वाक्य श्रद्धा मोडत नाही आणि खोटंही बोलत नाही.

याच गटाच्या आणखी एका अभ्यासाप्रमाणे, नर्स-डॉक्टर हे काम करत नाहीत त्यामागे प्रशिक्षण नसणं हे मोठं कारण निघालं. इच्छा नव्हती असं नाही. रातपाळीताईंची इच्छा तर धाग्यात दिसतेच आहे.

---

ब्रदर_नं_दोन

सगळं उदात्त चाललंय तर एक जमिनीवरची गोष्ट. नवीन होतो. शेवटच्या टप्प्यातले एक गृहस्थ रात्रभर तळमळत होते, चादर ओढत होते, ‘मला जाऊ द्या, मला जाऊ द्या’ म्हणत होते. मी खुर्ची घेऊन बसलो, हात हातात घेतला, डोळ्यांत पाणी वगैरे. वाटलं, आयुष्यात पहिल्यांदा खरं नर्सिंग करतोय. पहाटे सिनियर सिस्टर आल्या, पांघरूण वर केलं आणि कॅथेटरची पिळवटलेली नळी सरळ केली. पिशवी जवळजवळ भरली. गृहस्थ दहा मिनिटांत घोरायला लागले.

त्यांना खरोखर जायचं होतं. बाथरूमला.

तेव्हापासून माझा क्रम ठरलाय. आधी मूत्राशय, मग पोट साफ झालंय का, मग वेदना, मग श्वास, मग कुठलं औषध नवीन सुरू झालंय का. हे सगळं बघून झालं आणि तरी तगमग उरली, तर मग खुर्ची.

---

रातपाळी

😄 सिनियर सिस्टर म्हणजे आम्हीच त्या!

---

डायलिसिसवाला

तुम्ही सगळे मरणाबद्दलच बोलताय. मी सहा वर्षं आजारी आहे आणि जिवंत आहे. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास. ‘गंभीर आजार’ म्हटलं की शेवटचे दिवस असं कुणी ठरवलं? माझा हा बराच मोठा मधला भाग आहे, त्याचं काय?

आणि पेशंट म्हणून एक विनंती. कुठला तरी कोर्स करून आलेल्या एक सिस्टर होत्या. सुई टोचता टोचता विचारायच्या, “आज तुम्ही अंतर्मनातून कसे आहात?” मी यंत्राला बांधलेला, पळणार कुठे! वर डॉक्टरांनी लिहिलंय ते अगदी खरं आहे. प्रत्येक वेळी खोल बोलायला कुणी येऊ नये. काही दिवस मला फक्त मॅचचा स्कोअर हवा असतो.

सगळ्यात चांगली काळजी माझी कुणी घेतली सांगू? एक ब्रदर आहेत, जेमतेम बोलतात. सुई टोचायच्या आधी थांबतात, माझ्याकडे बघतात, मी मान हलवली की मगच टोचतात. सहा वर्षांत माझ्या अंगाला शेकडो वेळा सुया लागल्या असतील. परवानगी तेवढे एक घेतात. आजाराने माझ्याकडून नोकरी नेली, प्रवास नेला, पाण्याचा घोट मोजून दिला. ती मान हलवणं अजून माझ्याकडे आहे.

---

फळा_खडू

हा प्रतिसाद प्रिंट काढून लावणार आहे.

---

नवी_स्टाफ

मला सात महिने झालेत. दोन प्रश्न आहेत, बावळट वाटले तर माफ करा. एक, पेशंट ‘आता पुरे झालं, सुटका व्हावी’ म्हणतात तेव्हा मी घाबरते आणि विषय बदलते. काय करू? दुसरं, मी काही वाचलं नाहीये, अनुभव नाही, माझं स्वतःचंच कशावर काय विश्वास ते ठरलेलं नाही. मी काय आधार देणार?

---

रातपाळी

पहिल्याचं मी सांगते, कारण ते चुकवायचं नाही. विषय बदलू नकोस. शांतपणे विचार, “पुरे म्हणजे काय पुरे झालं?” कुणाचं दुखणं आवरलेलं नसतं. कुणाला वाटतं आपण घरच्यांवर ओझं आहोत. कुणी नुसतं थकलेलं असतं, मरायला तयार असतं पण घाई नसते. आणि कुणाच्या मनात खरोखर जीव द्यायचा विचार असतो. हे चारही एकाच वाक्यात लपतात. सरळ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर काहीही आलं तरी इनचार्जला आणि डॉक्टरांना त्याच वेळी सांगायचं, केसपेपरवर त्यांच्याच शब्दांत लिहायचं. ‘कुणाला सांगू नका’ म्हणाले तरी ते गुपित ठेवायचं नाही, आणि ‘हे मला सांगावं लागेल’ असं त्यांना तोंडावर सांगायचं.

---

फळा_खडू

दुसऱ्याचं माझ्याकडे. सात महिन्यांच्या मुलीने आधार द्यायचा नसतो, पळून जायचं नसतं, एवढंच. स्वतःचा विश्वास ठरलेला नाही ही अडचण नाहीच, उलट तुझ्याकडून कुणाला उपदेश व्हायची भीती कमी.

धरायला काठी हवी असेल तर क्रिस्टिना पुचाल्स्की या डॉक्टरबाईंनी १९९६ च्या सुमारास बनवलेली चार टप्प्यांची पद्धत आहे, तिला ‘फिका’ म्हणतात. श्रद्धा काय किंवा कशाने बळ मिळतं. ते आयुष्यात किती महत्त्वाचं. सोबतीला कोण, एखादा गट, माणसं. आणि या बाबतीत आम्ही काय करावं असं वाटतं. क्रमाने विचारत सुटू नकोस, नाहीतर पेशंटला वाटेल कर्जाचा अर्ज भरतोय. अंग पुसताना एखादा विचार. पाठीला तेल लावत असताना माणूस जे बोलतो ते समोर वही घेऊन बसल्यावर बोलत नाही. डॉक्टरांना हा मोका मिळत नाही, आपल्याला रोज मिळतो. वेळ नाही म्हणतो ना आपण? त्या वेळात हात कामातच असतात.

आणि जिथे आपलं संपतं तिथे थांबायचं. समुपदेशक, समाजसेवक, पेशंटला हवे असतील ते धर्मगुरू यांना बोलवायचं. काही देशांत रुग्णालयात यासाठी चॅपलेन नेमलेले असतात, सगळीकडे नसतात.

अवांतर: ‘बरे व्हाल’ची सवय फक्त आपली नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी १८५९ च्या पुस्तकात, आजाऱ्याला पोकळ आशा आणि सल्ले देणाऱ्यांवर एक अख्खं प्रकरण खर्ची घातलंय. चांगल्याच चिडलेल्या आहेत.

---

तर्कटी

मी ‘हे नर्सचं काम नाही’ असं लिहिलं होतं. पाठीला तेल लावण्याचा मुद्दा वाचल्यावर वाटतंय, काम कुणाचं हा प्रश्न निराळा, पण पेशंट बोलतो तुमच्याशीच. राउंडला माझ्याशी सगळे ‘बरं आहे’ म्हणतात.

रातपाळी, बेड सातचं पुढे काय झालं?

---

रातपाळी

चार दिवसांनी परत नाइट लागली. मनात वाक्य घोळवून गेले होते. कूस बदलताना म्हटलं, “काका, त्या रात्री तुम्ही मला काहीतरी विचारलं होतंत. मी घाईत काहीतरी बोलून गेले.”

ते बराच वेळ गप्प. मी मनात दहापर्यंत मोजलं, मग वीसपर्यंत. मग म्हणाले, “तुमच्या लक्षात आहे?”

नंतर थोडं सांगितलं. भावाबद्दल. काय ते इथे लिहीत नाही, त्यांचं आहे. मी विचारलं, भावाला कळवायचं का? “नको.” इतकं ठाम, की मला वाटलं मी पुन्हा चुकले. मग म्हणाले, “कळवायचं नाहीये. कुणालातरी सांगायचं होतं.” त्यानंतर “आता झोपू द्या.”

झोपले नाहीत. पण भिंतीकडे तोंड केलं नाही.

---

नवी_स्टाफ

ताई, हे तुम्ही केसपेपरवर लिहिलंत का? लिहायचं असतं तर काय लिहायचं? भावाचं लिहायचं का?

---

रातपाळी

भावाचं अजिबात नाही. पुढच्या पाळीला काळजी घ्यायला जेवढं लागतं तेवढंच. हँडओव्हरच्या वहीत हे लिहिलं:

‘बेड ७. रात्री दोन ते चार जागे असतात, वेदना नसतानाही. त्या वेळी तोंडाकडचा दिवा बंद, पायाकडचा चालू ठेवावा. कूस दाराच्या बाजूला आवडते. बोलावंसं वाटलं तर स्वतः बोलतात. “बरे व्हाल” म्हणू नये.’

---

ब्रदर_नं_दोन

दिवसपाळीने वाचलं का? आमच्याकडे त्या वहीत ‘पेशंट स्टेबल’च्या पुढे कुणी वाचत नाही.

---

रातपाळी

एकीने वाचलंय. खाली तिच्या अक्षरात एक ओळ आहे: ‘साडेपाचला मी खुर्ची घेऊन बसले. ते काही बोलले नाहीत. मीही नाही.’